बारा वर्षांचे हेडमास्तर

आमचे हेडमास्तर इंटरनेटवर बारा वर्षांचे होते. ही करामत माझी. प्रत्यक्षात त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना ते चपला बाहेर काढून ठेवत. आत एसी होता, आणि एसी असलेल्या जागेत देवळात वागतात तसं वागायचं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तेव्हा सगळ्या हैदराबादला सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. चिक्कडपल्लीत दर दोन दुकानांआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. जिथे आम्ही वर्षानुवर्षं दळण टाकलं, त्या गिरणीतही एके दिवशी पाटी लागली आणि पोरं पिठाच्या वासात प्रोग्रॅमिंग शिकू लागली. आमची शाळा नारायणगुड्यात, मराठी लोकांनी चालवलेली. दर जूनला पट घसरायचा आणि दर जूनला संस्थेचे लोक मीटिंग घेऊन चहा प्यायचे. त्यात आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेहून आला, शाळेला एक कॉम्प्युटर देऊन गेला आणि जाता जाता म्हणाला, "हुशार मुलांना वेगळं शिकवा. वेबवर सगळं फुकट आहे."

झालं. संस्थेने ठराव केला. आठवीतली हुशार मुलं निवडायची, त्यांना रोज सकाळी कॉम्प्युटरवर गणित शिकवायचं, आणि राज्याच्या गुणवत्ता परीक्षेला बसवायचं. ही जबाबदारी माझी, कारण मी गणिताची बाई आणि माझा भाचा सायबर कॅफेत जातो असं मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरले.

भाच्याने मला एक साइट दाखवली होती. त्यात एक घुबड होतं. ते गणितं घालायचं, आणि ती नुसती वाचायची गणितं नव्हती. तराजूत वजनं टाकून बघायची, त्रिकोणाचं टोक धरून ओढायचं, कोन बदलताना डोळ्यांनी बघायचा. मी पहिल्यांदा तो त्रिकोण ओढला तेव्हा खरं सांगते, अर्धा तास उठले नाही. अठरा वर्षं फळ्यावर खडूने काढलेला त्रिकोण कधी जागचा हलला नव्हता.

हेडमास्तरांना घुबड पटलं नाही. "विद्येच्या कामात घुबड? अहो, दुसरा पक्षी नाही का?" संस्थेच्या सेक्रेटरींनी तोड काढली की घुबड लक्ष्मीचं वाहन आहे, तेव्हा चालेल. मग कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडू नये म्हणून क्लार्कने आपला रुमाल टाकला.

साइटवर नाव नोंदवायला ईमेल लागायचा. शाळेत ईमेल एकच, हेडमास्तरांचा. तेव्हा नावही त्यांचंच घातलं. वयाच्या रकान्यात खरं वय टाकलं तर घुबड आत घेईना, म्हणून मी बारा टाकलं. तेव्हापासून मशीन सुरू केलं की घुबड पंख हलवून हेडमास्तरांचं आडनावासकट स्वागत करायचं. मुलं फिदीफिदी हसायची. हेडमास्तरांना मात्र मनातून बरं वाटायचं.

निवड चाचणी एका सोमवारी घेतली. वर्गातली सोळा मुलं मी आधीच काढली होती. अकरा मुलगे, पाच मुली. प्रत्येकाने आत जायचं, घुबडाचे दहा प्रश्न सोडवायचे, क्लार्कने बरोबर किती ते वहीत लिहायचं. मी बाहेर व्हरांड्यात हजेरीपट घेऊन रांग सांभाळत होते. हजेरीपटात आधी मुलगे, मग मुली. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण दर जूनला तो पट मी स्वतःच्या हाताने तसाच लिहीत आले होते. शिवाय माझी सक्त ताकीद होती, बाहेर आल्यावर कुणाला एकही प्रश्न सांगायचा नाही. कॉपी होऊ नये म्हणून. माझ्या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

फोनची लाइन इंटरनेटला गुंतलेली. मध्येच कुणी ऑफिसात फोन उचलला की सगळं बंद पडायचं. क्लार्क आतून ओरडत होता, "फोन नक्को उचलो जी, घुबड मर जाता!"

निकाल लागला. पहिल्या मुलांना दहापैकी नऊ, दहा, आठ. पुढच्यांना सात, सहा. मुलींना चार, पाच, तीन, चार. सगळ्यात शेवटी आत गेलेल्या मुलीला तीन. वरची आठ नावं काढली तर आठही मुलगे. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मुलींना हे मशीन काही जमत नाही असं दिसतंय." आणि मी, बीएस्सी गणित, स्वतः बाईमाणूस, मी मान डोलावली. वर मीच म्हणाले, "सराव नसतो ना त्यांना."

ही शेवटची मुलगी वर्गात फार बोलायची नाही. पण गणित सोडवून झालं की उत्तराखाली रेघ न मारता तेच गणित दुसऱ्या रीतीने सोडवायला घ्यायची. मी तिला एकदा वेळ फुकट घालवते म्हणून रागावलेही होते. निकालानंतर दोन दिवसांनी तिचे वडील आले. गौलीगुड्यात त्यांचं सुतळी-दोराचं दुकान. गाव नांदेडकडचं, पण दोन पिढ्या इथेच गेल्या होत्या.

"बाई, नाव नाही म्हणे यादीत."

"या खेपेला नाही आलं."

"हौ. मग पुढच्या साली घराजवळच्या शाळेत घालतो तिला. रोज बस, रोज गर्दी, घरी सगळे परेशान. यादीत असती तर आमच्या अम्मांना सांगायला मुँह होता मला." त्यांनी हात जोडले. "तुमचं चुकलं म्हणत नाही मी. मशीन थोडीच खोटं बोलते."

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले आणि गेले. मला वाईट वाटलं, पण यादी लागलेली होती आणि मला सातवीच्या वह्या तपासायच्या होत्या.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, हेडमास्तरांनी मला एक ईमेल छापून दिला. घुबडाने पालकांना प्रगतिपत्रक पाठवलं होतं. हेडमास्तरांच्या आईवडिलांना उद्देशून. त्यात लिहिलं होतं की आपल्या मुलाने एकाच दिवसात पहिल्या पायरीवरून नवव्या पायरीवर झेप घेतली, असं आम्ही क्वचितच पाहतो. दुपारनंतर मात्र तो थकलेला दिसला, त्याला विश्रांती द्यावी. हेडमास्तर खूश. "बघा, शाळेचं नाव झालं!"

मी हसत हसतच खालचा आलेख बघितला. सकाळी अकराला रेघ तळाशी. मग चढत चढत दीडच्या सुमाराला एकदम वर, आणि तिथे आडवी. मी हजेरीपट आणला. रेघ आणि पट शेजारी ठेवले. माझं हसू तिथेच थांबलं.

घुबडाला सोळा मुलं माहीतच नव्हती. त्याच्या लेखी एकच मुलगा होता, हेडमास्तर, वय बारा, आणि तो प्रत्येक दहा प्रश्नांनंतर अधिकाधिक हुशार होत होता. नीट सोडवलं की ते पुढच्या पायरीवर नेत असे आणि चुकलं तरी खाली आणत नसे. पहिल्या मुलाला आलेली गणितं पाचवीची होती. शेवटच्या मुलीला आलेली गणितं माझ्याच्याने सुटतील की नाही, अशी होती. प्रगतिपत्रकात नमुन्याला एक छापलं होतं. मोकळ्या तासाला मी ते घेऊन बसले. तास संपला, घंटा झाली, ते सुटलं नव्हतं. छापलेल्या गणितापुढे बरोबरची खूण होती, म्हणजे त्या मुलीने ते सोडवलं होतं.

मला स्वतःचा असा राग आला की शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना?

परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, यादी टाइप झालीय."

"मग पुन्हा टाइप करू."

"संस्थेकडे गेलीय. पोरांच्या घरी पेढे वाटून झाले. आता कुणाचं नाव काढता?"

"कुणाचं काढू नका. फॉर्म किती आलेत?"

नऊ आले होते. एक खराब झाला तर असावा म्हणून जास्तीचा. मी म्हटलं, तो द्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मग मी ईमेलची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सांगितलं, "ठीक आहे. सेक्रेटरींना हे दाखवून विचारते, नवव्या पायरीवर नापास झालेले हेडमास्तर कोणत्या नियमात बसतात." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. तसे माणूस वाईट नव्हते.

शाळा सुटल्यावर मी थेट गौलीगुडा गाठलं. दुकानात सुतळीच्या गुंड्यांमध्ये बसून ती मुलगी गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होती. मी वडिलांना सगळं सांगितलं. मशीन खोटं बोललं नाही, चूक माझी होती, हेही सांगितलं. त्यांना पायऱ्यांची भानगड किती कळली कोण जाणे, पण "सबसे मुश्किल सवाल हिला आले?" एवढं त्यांनी तीनदा विचारलं आणि आत वळून हाक मारली, "अम्मा, जरा बाहेर येव!" मला इतकं बरं वाटत होतं! रिक्षातून उतरले तेव्हाच मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

मुलीने फॉर्म हातात घेतला. वाचला. मग म्हणाली, "बाई, बाकीच्या चौघींना पण अवघडच आले असणार ना?"

मी म्हटलं, "फॉर्म एकच आहे."

तिने फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग वडिलांच्या खिशातलं पेन घेऊन तिने फॉर्म भरला. अक्षर सुरेख होतं.

ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आली. आमच्या शाळेतून आलेली ती एकटीच. शाळा बदलली नाही, पुढे गणितातच शिकली, आज कुठल्याशा विद्यापीठात शिकवते. हा किस्सा मी वीसेक वर्षं लग्नाकार्यांत, निरोपसमारंभांत सांगत आले. बारा वर्षांचे हेडमास्तर, मरणारं घुबड, ड्रॉवरमधला फॉर्म, लोक पोट धरून हसतात. शेवटी ती मुलगी विद्यापीठात जाते आणि टाळ्या पडतात. मी तिथेच थांबते.

पण तिच्या त्या प्रश्नाने मला चैन पडलं नव्हतं. फॉर्म दिल्यावर पंधरा दिवसांनी मी भाच्याला धरून सोळा मुलांचे सोळा ईमेल काढले आणि चिक्कडपल्लीच्या कॅफेत चार रविवार सगळ्यांची चाचणी पुन्हा घेतली. सराव म्हणून, असं सांगून. या वेळी प्रत्येकाने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. सगळ्यांत वर गेली ती हजेरीपटात शेवटून दुसरी असलेली मुलगी. आठही मुलग्यांच्या वर, आणि जिला मी फॉर्म नेऊन दिला तिच्याही वर. मुदत कधीच उलटून गेली होती. तिच्या घरून यादी विचारायला कुणी आलं नव्हतं, म्हणून मीही कधी तिच्या घरी गेले नव्हते.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. "बाई, माझं कसं झालं?"

कागद माझ्यासमोरच होता. मी त्यावर हजेरीपट ठेवला आणि म्हटलं, "बरं झालंय. सराव ठेव."

ती हो म्हणाली आणि डबा खायला गेली.