इस्फहानचं कापड आणि माझे सांडगे

बहराम आमच्या दारात आला तेव्हा त्याच्या आजीच्या लग्नातल्या कापडावर माझे मुगाचे सांडगे वाळत होते.

शनिवार होता. सिंगापूरच्या सेंगकांग भागात आमच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सकाळी अकराला छान ऊन येतं. मी कापड पसरलं, ते उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या (धुतलेल्या होत्या, पण चपलाच त्या!) आणि ओळीने सांडगे घातले. बहराम हा माझ्या मुलाचा, मिलिंदचा, ऑफिसातला दोस्त. इराणचा, इस्फहान शहरातला. जेवायला बोलावलं होतं. हातात मिठाईचा डबा घेऊन आला, खाली पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

"व्हेरी ब्यूटिफुल, आंटी," तो हळूच म्हणाला.

मला वाटलं, सांडग्यांबद्दल बोलतोय.

"वाळले की देईन हो डबाभर," मी म्हटलं.

हे कापड माझ्याकडे कसं आलं ते सांगते. चोरलं नव्हतं. चोरलं असतं तर लाज जरा कमी वाटली असती.

बहराम मिलिंदला नेहमी म्हणायचा, "माझं शहर बघायला या. माझ्या आईचं घर ते तुमचंच घर." ऑफिसात दहा जणांना म्हणत असेल. नऊ जण "हो, हो, नक्की" म्हणून गप्प बसले. आम्ही तिकिटं काढली!

इस्फहानला बायकांनी डोकं झाकायचं असतं. मी पदर घेतला, झालं. सुनेचा, अश्विनीचा, स्कार्फ मात्र दिवसभर घसरत होता. भलामोठा चौक पाहिला, निळ्या घुमटाची मशीद पाहिली. मिलिंद इतिहास सांगत होता आणि मी बसायला जागा शोधत होते. मग तेहेतीस कमानींचा पूल पाहिला. नदीत पाण्याचा थेंब नव्हता, पण काठावर माणसं चटया टाकून जेवत होती. एका कुटुंबाने आम्हाला हात करून बोलावलं. या, जेवायला या!

आता आमच्या गावातही जेवणारा माणूस "या जेवायला" म्हणतो, आणि जाणारा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत पुढे जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला भूक लागली होती. मी बसले. त्यांच्या भाताची तळची खरवड इतकी चांगली होती की मी तसं खुणेने सांगितलं, आणि त्यांनी सगळी मलाच वाढली. त्यांचा लहान मुलगा माझ्या ताटाकडे बघत राहिला. मी खाल्ली.

"आई, ते नुसतं म्हणायचं असतं!" मिलिंद नंतर म्हणाला.

"मग म्हणू नये," मी म्हटलं.

माझं असंच आहे. हवं तर हो, नको तर नको. पंगतीत पानावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणत चार जिलब्या वाढून घेणाऱ्या बायकांचा मला जन्मभर राग.

दुसऱ्या दिवशी बहरामच्या आईकडे, परवीनबाईंकडे, गेलो. घरात त्या आणि त्यांची मुलगी शिरीन. टेबलावर एक कापड होतं. लाकडी ठशांनी हाताने छापलेलं, मधे सरूची झाडं, आणि काठाला कोयऱ्या! आपल्या शालींवर असतात तशाच. मी हात फिरवला आणि म्हटलं, "काय सुंदर आहे हो!"

परवीनबाईंनी छातीवर हात ठेवला आणि काही बोलल्या. शिरीनने ते इंग्रजीत सांगितलं आणि माझ्या नातीने, सईने, मला मराठीत.

"आजी, ती म्हणते हे तुझंच आहे. घेऊन जा."

"बरं," मी म्हटलं. आणि घडी घालायला लागले!

अश्विनीने मला चिमटा काढला. मिलिंदला खोकला आला. परवीनबाई हसल्या, आणि स्वतः कागद आणि दोरी घेऊन आल्या. शिरीन आत गेली. मला वाटलं, चहा आणायला गेली. चहा काही आला नाही.

टॅक्सीत बसल्या बसल्या मिलिंद सुरू झाला. "आई, इथे कुणी वस्तूची स्तुती केली की 'तुमचीच' म्हणायची रीत आहे. आपण तीनदा नको म्हणायचं असतं!"

"आणि तिला खरंच द्यायचं असलं तर?"

"तर ती चौथ्यांदा म्हणते!"

एवढा हिशोब मला कोण सांगणार? सिंगापूरला परतल्यावर मिलिंदने बहरामला विचारलं. तो म्हणाला, "छे, छे, आई फार खूश आहे." विषय मिटला. कापड आमच्या टेबलाला फार मोठं होत होतं. पण सांडग्यांना प्लास्टिक चालत नाही, खालून ओले राहतात. जाड सुती कापड लागतं. तसं दुसरं घरात नव्हतं.

तर त्या शनिवारी बहराम जेवायला बसला आणि वरणभात चिवडत राहिला. अश्विनीने विषय काढायचा म्हणून विचारलं, "शिरीनचं लग्न ठरलं म्हणे?"

"पुढच्या महिन्यात. मी शुक्रवारी निघतो."

"तुमच्याकडे लग्नात काय काय असतं?"

तो सांगू लागला. वधूवरांसमोर एक कापड अंथरतात, त्यावर आरसा, मेणबत्त्या, मिठाई. त्यांच्या घरात आजी एका कापडासमोर बसली होती, आई त्याच कापडासमोर बसली होती...

इथे तो थांबला. त्याने दाराकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच दाराकडे बघितलं.

"आजी," सई म्हणाली, "सो पायसे, लाह!"

(पायसे म्हणजे लाजेने तोंड लपवावंसं वाटणं. इथला शब्द आहे. 'लाह' नुसतं बोलताना मागे लावतात. मला तो त्या दिवशी पाठ झाला.)

मी उठले आणि सांडगे ताटात लोटले. खाली हळदीचे डाग, ओळीने, मोजून घ्यावेत असे. बहराम धावत आला. "नो, नो, आंटी! इट इज युवर्स!" कापड घेईना. तसाच गेला.

मग मी साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. अश्विनीने बादलीत डोकावलं आणि किंचाळली, "आई! हे रक्त कुठून आलं?"

"गप्प बस. उन्हात जातं ते."

जातं, पण ऊन पाहिजे ना! रविवारी पाऊस. सोमवारी पाऊस. मंगळवारी असा पाऊस की समोरचा ब्लॉक दिसेना. मी दर तासाला खिडकीशी. ती पोरगी डागाळलेल्या कापडासमोर बसणार, किंवा कापडाशिवायच बसणार, आणि कारण मी! बुधवारी ऊन पडलं. मी खुर्ची टाकून कापडाजवळ दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी डाग गेले. एक राहिला, तो कोयरीच्या पोटात होता, म्हणून खपला.

गुरुवारी सईला घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्वीन्सटाउनला बहरामच्या घरी गेले. कापड पुढे केलं.

"नो, आंटी. गिफ्ट आहे."

"घे बाळा."

"नो, नो. आईला वाईट वाटेल."

"मला जास्त वाईट वाटतंय. घे."

"आंटी, प्लीज, तुमचंच आहे."

तीन झाले. मी जन्मभर ज्याला नावं ठेवली तो आग्रह मी त्या दारात उभी राहून केला. चौथ्यांदा म्हटलं, पाचव्यांदा म्हटलं, शेवटी म्हटलं, "माझी शपथ आहे तुला!"

"अंकल," सई म्हणाली, "ही आता रडणार. बेटर टेक, लाह."

त्याने दोन्ही हातांनी कापड घेतलं आणि कपाळाला लावलं. मी त्याच्या चपलांच्या रॅककडे बघत राहिले. दुसरीकडे बघवत नव्हतं.

लग्न आम्ही फोनवर पाहिलं. शिरीन कापडासमोर बसली होती, आरशात बघून हसत होती. मग परवीनबाई फोनवर आल्या, छातीवर हात ठेवून बोलल्या. बहरामने सांगितलं, "आई म्हणते, परत या, हे घर तुमचंच आहे."

मिलिंद, अश्विनी आणि सई एकदम ओरडले, "नको म्हण!"

मी नको म्हटलं. तीनदा म्हटलं. बोटांवर मोजून.

आमच्या ब्लॉकमधल्या मराठी बायका ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. त्यांना मी ती सुनेच्या नावावर सांगते. घडली ती माझ्या बाबतीत.