शेवंताबाईंना शाल आणि वस्तीला नोटीस

आमच्या गावच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. एके दिवशी दुपारी व्हरांड्याच्या पायरीखाली एक उंच, सावळ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, त्या गायरानावरच्या पारधी वस्तीतल्या शेवंताबाई काळे ह्याच. आदल्या दिवशी भरदुपारी एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती आणि पोलिसांनी त्यांच्या दिरांना उचलून नेलं होतं. ते दीर तर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीचे दगड रचत होते. "गुरुजी, तुमी जे पाह्यलं तेवढंच तिथं सांगा," बाई म्हणाल्या. "वर एक शब्द नगं."

मी बाईंबरोबर ठाण्यात गेलो, तर साहेब मलाच समजावू लागले, "मास्तर, कशाला या लोकांच्या भानगडीत पडता? पारधीच आहे तो." तशा शेवंताबाई पुढे झाल्या. "पारधी हाय, ते खरं हाय. मंग चोर कोन हाय ते बी सांगा की साहेब. का चोर घावंना म्हनून आमचा मानूस धरून ठिवायलाव?" दीर सुटले तेव्हा त्यांचे तळपाय सुजलेले होते. मोटर पुढे मालकाच्याच पुतण्याकडे सापडली, पण दिलगिरीचा शब्द कुणी काढला नाही. पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा केव्हाच रद्द झाला, असं मी वर्गात शिकवत होतो. ठाण्यापर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती.

गायरान म्हणजे तेव्हा नुसता मुरूम आणि दगडगोटे. शेवंताबाईंनी वस्तीतल्या बायांना हाताशी धरून दगड वेचले, बांध घातले, ज्वारी आणि तूर पेरली. पहिलं पीक कमरेला आलं आणि गावातल्या काही मंडळींनी त्यात गुरं सोडली. ती मंडळी कोण, हे मला ठाऊक आहे, आणि वाचकहो, तुम्हालाही. वस्तीतले तरुण काठ्या घेऊन उठले, तर शेवंताबाईंनी त्यांना अडवलं. गुरं बांधून घेतली, पाणी पाजलं आणि स्वतः हाकत गावात आणली. चावडीपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "जनावरं उपाशी न्हाईत तुमची. आता आमची लेकरं वरीसभर काय खातील ते बी बसून ठरवा." पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा पेरलं.

माझी पत्नी गेली तेव्हा सांत्वनाला येणाऱ्यांनी घर भरलं आणि आठवडाभरात रिकामंही झालं. त्यानंतर शेवंताबाई आल्या. त्यांनी अंगण झाडलं, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, भाकर थापा. तुमी जेवेपर्यंत मी हाय." मी थापलेली भाकरी पाहून त्या हसल्या, हे इथे कबूल करतो. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

त्यांच्या घरची देवी पिढ्यान्‌पिढ्या कापडात बांधलेली असे. राहुटीचं पाल कधी उचलावं लागेल याचा नेम नाही, म्हणून गाठोडं हाताशी. गायरानावरची ज्वारी घरात आली त्या वर्षी शेवंताबाईंनी मातीचा ओटा बांधला आणि देवी त्यावर बसवली. सासूबाई धास्तावल्या होत्या. "एकदा बसवली की उचलायची न्हाई," बाईंनी त्यांना सांगितलं. मग वस्तीत भिंती उभ्या राहिल्या आणि पोरं शाळेत यायला लागली.

आता त्याच गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार आहे आणि वस्तीला अतिक्रमण हटवण्याची नोटीस लागली आहे. अतिक्रमण! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. रस्त्याकडच्या बाजूने धनदांडग्यांनी याच गायरानात गोदामं बांधली, त्यांच्याकडे सगळ्यांनी सोयीस्कर कानाडोळा केला. माळरानाचं शेत करणाऱ्या बाई तेवढ्या डोळ्यांत खुपल्या. ग्रामसभेत गायरान प्रकल्पाला देण्याच्या ठरावासाठी हात वर करणाऱ्यांपैकी काही जण या गौरव समितीत आहेत. "ग्रंथात वाद नको गुरुजी, चांगलं चांगलं लिहा," असा निरोप त्यांनीच मला धाडला. ज्या हातांनी घर पाडायचं त्याच हातांनी खांद्यावर शाल घालायची, याला आमच्याकडे निलाजरेपणा म्हणतात. मी तो दुसऱ्या शब्दात लिहिणार नाही.

सत्काराचं सांगायला वस्तीवर गेलो, तेव्हा शेवंताबाईंनी आधी माझीच फिरकी घेतली. "पंच्याहत्तर कुनी मोजली माझी? तुमी व्हते का तवा?" मग म्हणाल्या, "शाल घेते. लोकं मायेनं द्यायलेत तर न्हाई कशाला म्हनू? पर गुरुजी, ती पांघरून मी बसू कुठं?"

याचं उत्तर समितीने द्यावं.

शेवंताबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ते त्यांच्या स्वतःच्या घरात लाभो, हेही लगेच लिहितो, कारण ते गाळून पहिलं म्हणणं ही बाईंची निव्वळ थट्टा आहे. घरं पाडायला मशीन येईल त्या दिवशी मी त्यांच्या दारात बसलेला असेन. ज्यांना बाईंना शुभेच्छा द्यायच्या आहेत, त्यांनी त्या दिवशी तिथे यावं.