माती रस्त्यावरच ओता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, का नाही मिरवायचं? पण पदवी घेऊन गोडाऊनच्या ऑफिसात बसायचं सोडून मी खाडीकाठच्या पडीक जमिनीत उतरले, तेव्हा गाव हसलं. बांध फुटल्यापासून ती जमीन खारी होऊन पडली होती आणि गाव दापोड्याच्या गोडाऊनांत हमाली करत होतं. मग घरटी एक माणूस, या आमच्या जुन्या रिवाजाने सगळ्यांनी मिळून बांध पुन्हा उभा केला. दोन पावसाळे नुसतं मीठ धुऊन काढलं. तिसऱ्या पावसाळ्यात भात लागलं.

दाणा भरत होता आणि अमावस्येला सकाळीच आई बांधावरून ओरडली, "बाय, धाव! भोक पडलंय!"

खेकड्याच्या बिळातून शेतातलं पाणी खाडीकडे चाललं होतं. दुपारी उधाणाची भरती. तोवर भोक बुजलं नाही तर खाडीच उलट आत येणार. या सालचं भात जाणार आणि जमीन पुन्हा खारी होणार.

पुरुषमाणसं सगळी शिफ्टला. मी त्यांना फोन करत सुटले. बायका हातोहात चिखलाचे गोळे देत होत्या, पण भोक गिळतच होतं.

तेवढ्यात रस्त्यावर मातीने भरलेला डंपर थांबला. शेजारची जमीन घेऊन गोडाऊन बांधणारा माणूस खाली उतरला. गावच्या नात्याने मामाच.

"कशाला मरताय चिखलात? शेताच्या कडेनं गाडी आत येऊ द्या. आत्ता बुजवतो. पैसं नकोत."

बायका थांबल्या. शेजारची काकी पुटपुटली, "वडप्याला माझ्या माहेरात असंच झालं. एक गाडी आत घेतली, मग म्हणाले, इथनं आमची वहिवाट हाय, रस्ता सोडा."

मामा हसला. "तुला काय कळतंय, काकी? हिला इचार. ग्रॅज्युएट हाय ना!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खाडीचं पाणी तोवर भरतीकडे वळलं होतं.

मी म्हटलं, "मामा, माती रस्त्यावरच ओता. आम्ही घमेल्यांनी नेतो."

"रस्त्यावर ओतायला न्हाय आणली."

"मग राहू द्या."

"सेठ, खाली करूँ या ले जाऊँ?" ड्रायव्हरने विचारलं. मामाने हातानेच त्याला थांबवलं.

आईने हळूच विचारलं, "आन् भात गेलं तर?"

मी चिखलात उतरले.

भरती बांधाला टेकली तेव्हा टेम्पो आला. वडील आणि आणखी काही जण गोडाऊनातली माल ठेवायची मोडकी लाकडी पॅलेट घेऊन आले होते. "ड्युटी सोडून आलोय, मुकादम बोंबलतोय!" म्हणत वडिलांनी उडीच टाकली. भोकाच्या दोन्ही बाजूंना पॅलेट ठोकली, मध्ये पेंढा आणि चिखल कोंबला. आम्ही बायका वरून पायांनी तुडवत राहिलो. पाणी चढत गेलं. फळ्यांमधून पाझरलं, फळ्या करकरल्या. रस्त्यावर मामा डंपरला टेकून वाट बघत होता.

बऱ्याच वेळाने पाणी चढायचं थांबलं.

आई शेतात उतरली. बांधालगतच्या पाण्यात बोट बुडवून तिने चाटलं आणि थुंकली. "हितं खारट."

ती पुढे गेली. पुन्हा बोट बुडवलं.

"हितं न्हाय," ती म्हणाली, आणि आणखी पुढे गेली. "हितंबी न्हाय."

रस्त्यावर डंपर सुरू झाल्याचा आवाज आला. तो मागे मागे जात वळला. माती तशीच भरलेली होती.