ताईने वाचलेलं भाषण

इस्पितळाच्या धुलाईघरात ताईचं राज्य होतं. एकतीस वर्षं चादरींत गेलेली बाई. एखादी घडी तिरकी पडली की तिचा आवाज वाफेच्या यंत्राच्याही वर चढायचा. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं, शिकवलं. ती धाकटी पुढे गीतकार झाली, तिची गाणी घराघरांत पोचली, आणि यंदा तिला साहित्यातला सर्वांत मोठा पुरस्कार जाहीर झाला.

लगेच काहींच्या पोटात दुखलं. ‘चाल काढून घेतली तर या शब्दांत उरतं काय?’ असं एका समीक्षकाने छापूनच टाकलं.

धाकटीला बोलून उत्तर देणं शक्य नव्हतं. घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला होता. तिने कागदावर लिहिलं, ‘भाषण तू वाच.’

“मी? अगं, धुलाईघरातल्या पोरींवर ओरडणं वेगळं! तिथे मोठमोठी माणसं असणार. दातखीळ बसेल माझी.”

धाकटीने नुसते हात जोडले. झालं, ताई विरघळली.

आठवडाभर तिने आरशासमोर तीन पानं घोकली. पण ऐन व्यासपीठावर धाकटीने तिच्या हातात चौथं पान सरकवलं. तीन पानं बिनचूक पार पडली. चौथ्यावर ताईची नजर पुढे धावली आणि तिची कानशिलं तापली. “धन्यवाद,” म्हणत तिने पान गपकन पालथं घातलं. ती वळणार तोच धाकटीने तिचं मनगट धरलं, पान उलटलं आणि त्यावर बोट आपटलं. सभागृहात हशा पिकला.

ताईने पान उचललं आणि ती वाचू लागली.

“‘ज्या चादरीवर कुणी रडलंय, तिची घडी हलक्या हाताने घाल.’ माझं हे गाणं तुम्हाला पाठ आहे. पण ही ओळ माझी नाही. शाळा सुटली की मी धुलाईघरात गृहपाठ करत बसायचे. कामावर नव्या आलेल्या एका मुलीला ताई हे सांगत होती. मी फक्त वहीत उतरवून घेतलं. तेव्हा त्याला चाल नव्हती, तरी त्या मुलीचे डोळे भरून आले होते. म्हणून हा पुरस्कार घेताना मला संकोच वाटत नाही. ताईलाही वाटू नये.”

शेवटच्या वाक्याला ताईचा आवाज फुटला. मग अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मागच्या रांगेतून धुलाईघरातल्या पोरींनी “ताई!” अशी आरोळी ठोकली. ताईने सवयीने डोळे वटारले, पण तिची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: ‘गीतकाराच्या भगिनीने वाचले भाषण.’

“भगिनी काय भगिनी! सरळ ताई लिहायला काय झालं होतं?” ताई पोरींवर करवादली. आणि ते कात्रण तिने स्वतःच्या हाताने इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच दिसेल असं.