कोठीत वाजलेला डावा हात

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आजही नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला अंगारा पाठवायला नको. मी कऱ्हाडची, इंटर सायन्स झालेली. पण १९५०च्या दशकात, लग्न होऊन कुंभकोणमला गेल्यावर एका टळटळीत दुपारी जे घडलं, त्याचं काय करायचं ते सायन्सनं मला शिकवलं नव्हतं...

आमचं सासर तंजावरी मराठ्यांचं. महामहम तळ्यापासून जवळच्या गल्लीत लांबलचक घर – पुढे ओटा, मधे उघडा चौक, मागे विहीर. बाहेर तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी अशी, की पहिले काही महिने मला वाटायचं घरात बखर वाचताहेत! सासूबाईंना सगळे आईसाहेब म्हणत. एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. तोफ उडवली तरी ऐकू येणार नाही, अशा.

आमचे ‘हे’ लग्नाकार्यांना, देवळांच्या उत्सवांना लाउडस्पीकर भाड्यानं देत. एकदा देवाचा रथ पलीकडच्या रस्त्यावरून निघाला. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता, आणि आईसाहेब झोपाळ्यावरून पाय खाली टेकवून म्हणाल्या, “रथ निघाला कीं गे सूनबाई?”

“तुम्हांला कसं कळलं?” मी खुणेनं विचारलं.

“मज कान नाहींत. पाय आहेत.”

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. “आईला खर्ज ऐकू येतो! पायांनी!” झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात खर्जाचं वेड शिरलं.

हे म्हणायचे, आपले कर्णे नुसते घशातून ओरडतात, पोटातून कुणीच बोलत नाही. पोटातून बोलायचं तर पोटही तेवढं मोठं पाहिजे. घरात तेवढं पोट एकच होतं – भाताची कोठी. फणसाच्या लाकडाची, आत माणूस उभा राहील एवढी. तिचाच लाउडस्पीकर करायचा ठरला. भात गेला पोत्यांत, पोती आली माझ्या स्वयंपाकघरात. मद्रासच्या जुन्या बाजारातून एक लोहचुंबक आलं. ते उतरवताना माझ्या उलथन्यानं त्याला जी मिठी मारली, ती सोडवायला दोघे लागले. सुपाएवढा पडदा ह्यांनी स्वतः बनवला, तारेचं वेटोळं स्वतः गुंडाळलं. कोठीच्या आत शंखासारखा वळत जाणारा फळ्यांचा मार्ग करायला मुत्तू आसारी हा सुतार आला. काही दिवस त्यानं गप्प बसून काम केलं. मग त्याला राहवेना.

“ह्यात भात ठेवायचा नाही?”

“नाही.”

“कपडे? देव?”

“नाही. हवा.”

“हवेला फणसाचं लाकूड?” असं म्हणून तो माझ्याकडे ज्या दयेनं बघायचा, ती मी विसरलेले नाही.

रेकॉर्डवर पुरेसा खर्ज नसतो म्हणून पहिल्या दिवशी ह्यांनी आमच्या गल्लीतल्या मृदंगविद्वानांनाच बोलावलं. अय्यास्वामी पिळ्ळै – हिऱ्याच्या कुड्या, तोंडात तांबूल, अंगभर अभिमान. मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याचा लगदा लावला, की तिथून तो घुमणारा खर्ज निघतो. माइक ह्यांनी नेमका तिथं ठेवला. आईसाहेब कोठीला पाठ लावून बसल्या. विद्वानांनी डावा हात मारला.

कोठीतून आवाज असा आलाच नाही. पण माझ्या पोटरीतून काहीतरी वर सरकलं. फळीवरची पितळी भांडी एकामागोमाग एक, वऱ्हाडासारखी, कडेला चालत आली आणि खाली उतरली. शेजारच्या कामाक्षीमामी न्हाऊन केस पुसत होत्या, त्या तशाच रस्त्यावर – “अय्यय्यो! भूकंप!”

आणि आईसाहेब... डोळे मिटून हसत होत्या. कितीतरी वर्षांनी त्या मांडीवर ताल धरत होत्या. ह्यांना पुढचं दिसेना. चष्मा पुसायला हे आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

वाजवणं थांबल्यावर आईसाहेब विद्वानांना म्हणाल्या, “हात बरवा आहे. परंतु भितो.”

ह्यांनी त्याचं तमिळ करताना दुसरं वाक्य गाळलं. पण विद्वानांना ते चेहऱ्यावरूनच समजलं. ते तांबूल न थुंकता निघून गेले.

मग रोज थोडा वेळ हा कार्यक्रम चालू लागला, रेकॉर्ड तर रेकॉर्ड. आठवडाभरात गल्लीतल्या सगळ्या देवांनी देव्हाऱ्यात तोंडं फिरवली. कुणाचं इडलीचं पीठ बसलं, कुणाची गाय दूध देईना. शेवटी गल्लीतले वडीलधारे कामाक्षीमामींना पुढे घालून आले. पुन्हा एकदा जरी भांडं हललं, तर कोठी फोडायची! ह्यांनी हात जोडून कबूल केलं, तारा सोडवल्या. काही कोसांवरच्या तिरुनागेश्वरम गावी उत्सवाचं काम होतंच, अँप्लिफायर बैलगाडीत घालून हे तिकडे गेले. तिथे कचेरीला, म्हणजे गाण्याच्या बैठकीला, मृदंगावर अय्यास्वामी पिळ्ळैच होते.

त्याच दुपारची गोष्ट. मी चौकाच्या कडेला शेंगा सोलत बसले होते. आईसाहेब सवयीनं कोठीला टेकून. एकाएकी त्या ताठ बसल्या.

“आला.”

“कोण आला?”

 त्यांचा मांडीवर ताल सुरू झाला... सात मात्रांचा. मी उठले, कोठीवर तळवा ठेवला – आणि झटक्यानं काढला. आत ठोके पडत होते. सावकाश, गोल, भरदार. तारा जमिनीवर मोकळ्या पडलेल्या, अँप्लिफायर कोसांवर!

मी आसारीनं ठेवलेली खिडकी उघडून आत डोकावले. पडदा थरथरत होता. माझे ओठ हललेले पाहून, मी देवाचं नाव घेतलं असं आईसाहेब पुढे सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे मी न्यूटनचं घेतलं होतं.

तेवढ्यात फळीवरची भांडी निघाली. बाहेर मामींची आरोळी. वडीलधारे पहार घेऊनच आत आले. मी मोकळ्या तारा उचलून दाखवल्या. एकानं दरडावून विचारलं, “मग वाजवतंय कोण?” मी म्हटलं, “तुम्हीच विचारा त्याला.” पहारवाल्यानं पहार हळूच भिंतीला टेकवली आणि वहाणा घालून आल्याबद्दल कोठीची माफी मागितली.

आईसाहेबांचं कुणाकडे लक्षच नव्हतं. “थांबला,” त्या म्हणाल्या. कोठी गप्प. जरा वेळानं “पुनः.” असं दोनदा झालं. मग शेवटचा तुकडा तीनदा फिरून आला, समेवर आईसाहेबांची थाप पडली आणि नेमकी तेव्हाच मामींच्या घरातली घागर कोसळली. नंतर काही नाही.

संध्याकाळी हे परतले ते उतरल्या चेहऱ्यानं. “आज फजिती झाली गं विद्वानांची. एकट्याचं वादन सुरू केलं आणि मृदंगाचं डावं तोंड मुकं झालं! माइकमधून नाही, आणि समोर बसून ऐकलं तरीही नाही. उशीवर हात मारल्यासारखं. दोनदा थांबून रवा बदलला, काही उपयोग नाही. लोक हसले. पण गड्यानं सोडलं नाही, मुक्या हातानं शेवटपर्यंत वाजवलं.”

मी विचारलं, “ताल कुठला होता?”

“सात मात्रांचा. का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अय्यास्वामी स्वतः आले. बातमी गल्लीनं पोचवली होती. ते थेट कोठीपुढे उभे राहिले आणि तमिळमध्ये म्हणाले, “माझं परत दे.” मागे पहारवाले, मामी, सगळे. विद्वानांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी कोठीचं सरपण झालं असतं.

आईसाहेब झोपाळ्यावरून म्हणाल्या, “काल बहुत बरवें वाजविलेंस. भय नव्हतें.”

ह्या वेळी ह्यांनी सगळं भाषांतर केलं.

तो भलामोठा माणूस मटकन खाली बसला. “अम्मा,” म्हणाला, “लोक हसताहेत, आपल्यालाच ऐकू येत नाही... म्हटलं, आता कुणासाठी भ्यायचं?” डोळे पुसून त्यानं तिथेच मृदंग मांडीवर घेतला. डावं तोंड स्वच्छ घुमलं. मग मागे वळून त्यानं पहारवाल्यांना सांगितलं, “ह्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे.” मामींनी एकच अट घातली, वाजवायच्या आधी भांडी उतरवायला सवड द्यायची.

नंतर असं कधीच घडलं नाही. माझा इंजिनियर पुतण्या सांगतो – जमिनीखालचं पाणी, अनुनाद, अमुक कंपनं... असेल. मी विचारते, मग तिरुनागेश्वरमला हात मुका का झाला? तेव्हा तो आणखी कॉफी मागतो. आईसाहेबांनाही मी एकदा विचारलं होतं, हे कसं झालं असेल? त्या म्हणाल्या, “ऐकूं आलें, ऐकिलें. तुज कशास पंचाईत?”

मला मात्र पंचाईत आहे, अजूनही. तुमच्यापैकी कुणाला उलगडा सुचला तर जरूर कळवा – फक्त दोन्ही गावांचा एकदम कळवा. एका गावापुरता माझ्या पुतण्याकडे आहे.