खिशातला फ्यूज

आज उधव्याजवळची बंद पेपर मिल आणि शेजारचा मालकांचा जुना बंगला पाहिला. सोबत काका होते. ते आणि बाबा याच मिलमध्ये कामाला होते. बंगला काकांनी बाहेरूनच पाहिला.

मिलमध्ये मी रोलरला हात लावणार, तोच काका ओरडले, "हात मागे घे! मेन बंद आहे का?"

सोबत आत आलेला वॉचमन हसला. "काका, लाईट कापून किती वर्षं झाली!"

काकांनी स्वतः फ्यूज काढून खिशात टाकला. "आता लाव."

बाबांचा उजवा हात याच रोलरमध्ये गेला होता.

"त्या दिवशी न बघता स्विच मीच दाबला," काका हळूच म्हणाले.

बाबा आजवर सांगत आलेत, "चूक माझीच होती." आत्ता ते घरी आम्हा दोघांची जेवायला वाट पाहताहेत. तुम्ही त्यांना खरं काय ते विचारलं असतं?