हस्कीचं बारसं

माझ्या मामाइतका नावांच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या लालबाग-परळात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. मामा परळच्या एका शाळेत तीसेक वर्षं लेखनिक होता. प्रवेशाचे अर्ज त्याच्याच खिडकीवर यायचे आणि तिथेच हा रोग जडला असावा. समोर पोरगा उभा, अर्जावर पोराचं नाव, आणि मामा आळीपाळीने दोन्हीकडे बघत बसलेला. "काय हो, हा तुम्हाला प्रशांत वाटतो?" असं तो रांगेतल्या सगळ्यांदेखत पोराच्या बापाला विचारायचा, आणि तोवर प्रशांतने शेजारच्या मुलीची वेणी ओढलेली असायची. मामाचं म्हणणं असं की नाव अंगाला बसलं पाहिजे. उगाच छान आहे म्हणून ठेवलं की ते काखेत काचतं. माझं नाव धैर्यशील आहे आणि झुरळ दिसलं की मी पलंगावर चढतो, हे मामाला ठाऊक असल्यामुळे त्याने माझ्या लग्नात, पंगत बसलेली असताना, माझ्या सासऱ्यांच्या देखत माझ्या आईला विचारलं होतं, "अजून बदलता येईल गं, गॅझेटात देतात." आईने त्याच्या पानात एकदम तीन जिलब्या वाढल्या, तेव्हा कुठे विषय संपला.

बरं, माणसांवर भागलं असतं तर ठीक. पण त्याच्या घरातल्या पंख्याचं नाव विलंबित. फ्रिज सुरू होण्याआधी खोकतो म्हणून तो आजोबा. आणि मिक्सरला त्याने वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव दिलं होतं, कारण दोघांचीही पट्टी एकच होती. ते त्या बाईंना कळायचं तेव्हा कळलंच. मग मामी घावणे आणि रस घेऊन वर गेली आणि तासभर बसून आली. मामाला याचं काहीच वाटलं नाही. "पण नाव चपखल आहे की नाही, ते सांग," एवढंच तो म्हणाला.

अशा माणसाला कोणी नाव ठेवायचं काम द्यावं का? पण माझ्या मामेभावाने दिलं. तो नोकरीसाठी जर्मनीला निघाला, आणि आईबाबांना एकटं वाटू नये म्हणून जायच्या दोन दिवस आधी हस्की जातीचं पिल्लू घेऊन आला. चाळीतला तिसरा मजला, दोन खोल्या, मे महिना, आणि त्यात सायबेरियातला कुत्रा. एक डोळा निळा, एक तपकिरी, अंगावर एवढे केस की आतलं पिल्लू नक्की केवढं आहे याचा अंदाज लागू नये. भावाने बाहेरच्या खोलीत एसी बसवला, विमान पकडलं आणि जाता जाता म्हणाला, "नाव तुम्हीच ठेवा हं, बाबा." मामाचे डोळे पाणावले. आम्हाला वाटलं, मुलगा चालला म्हणून.

कुत्र्याने एसीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला मोरी आवडली. मोरीच्या थंडगार फरशीवर चारी पाय पसरून तो दिवसभर पडून राहायचा आणि वर नळ ठिबकत असला तर त्याच्या आनंदाला पारावार नसायचा. मामी कणकवलीकडची. "मेल्या, ऊठ थंयसून, माका भांडी घासूची आसत," असं ती दिवसातून चार वेळा म्हणायची, आणि पाचव्यांदा त्याच्या पाठीवर हळूच तांब्याभर पाणी ओतायची. मामा मात्र पाटावर बसून त्याचं निरीक्षण करायचा, मांडीवर वही आणि कानावर पेन्सिल. घाई करून चालणार नाही, असं त्याचं मत होतं.

घाई करायची वेळ आली ती सुकटीमुळे. मामाच्या चाळीच्या सेक्रेटरींच्या बायकोने तळमजल्यावरच्या गॅलरीत सुकट वाळत घातली होती. कुत्रा तीन जिने उतरून गेला, सगळी सुकट खाल्ली आणि तिथेच झोपला. मामा वरून "ए, ए, अरे" करत राहिला. कुत्र्याने कानही हलवला नाही. संध्याकाळी सेक्रेटरी वर आले. माणूस सरळ. म्हणाले, "मामा, कुत्रा पाळायला माझी ना नाही. पण हाक मारली तर आला पाहिजे ना? चाळीत लहान पोरं आहेत, खाली रस्ता आहे. महिन्याभरात ऐकायला लागला तर ठेवा. नाहीतर त्याची सोय बघा." भावाला फोन झाला. त्याच्या मित्राचा लोणावळ्याला बंगला होता, तो कुत्रा न्यायला एका पायावर तयार. मामीने पदराने तोंड पुसलं आणि ती आत गेली. कुत्रा मोरीत होता, ती त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसून राहिली. मामाने वही उघडली. "तो येत नाही, कारण त्याला नाव नाही," तो म्हणाला. "बरोबर नाव सापडलं की येईल. आपण थांबतो का कोणी 'ए' म्हटलं तर?"

नावाला मामाने तीन अटी घातल्या. ते कुत्र्याला शोभलं पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरून फुटपाथपर्यंत एका दमात पोचलं पाहिजे. आणि ते चाळीत कोणाचं असता कामा नये. यातली तिसरी अट त्याला पहिल्याच दिवशी सुचली असती तर बरं झालं असतं. त्याने सुरुवात केली ती 'हिमांशू'पासून. गॅलरीतून हाक मारल्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरचा हिमांशू वर आला. तो विमा एजंट असल्यामुळे फॉर्म घेऊनच आला आणि मामाला पॉलिसी घ्यावी लागली. मग निळ्या डोळ्यावरून 'निळू'. त्यावर समोरच्या बाजूने नीलकंठराव, वय वर्षं ब्याऐंशी, काठी टेकत बाहेर आले. "कोण हाक मारतोय रे?" आणि हाक कुत्र्याला होती हे कळल्यावर आठ दिवस मामाशी बोलले नाहीत. 'हिमालय' हे नाव सगळ्या अटींत बसलं, पण "हिमालया, मोरीतून ऊठ" हे वाक्य मामालाच सहन होईना. प्रत्येक नावाला तीन दिवस मिळायचे. कुत्रा एकालाही ओ देत नव्हता. वहीत काट मारताना मामाचा चेहरा असा व्हायचा की जणू नापासांची यादी तोच लावतोय.

शेवटी त्याला 'शिशिर' सापडलं. थंडीचा ऋतू, शोभेलही, चाळीत कोणाचं नाही. मामा इतका खूश झाला की म्हणाला, रीतसर बारसं करायचं. नाव कानात नीट सांगितलंच नव्हतं म्हणून तो ऐकत नसेल. आता बारशात नाव सांगायचं आत्याने, आणि मामाची बहीण म्हणजे माझी आई. "माझ्या नशिबात हेच उरलं होतं," असं म्हणत ती दादरहून नवी साडी नेसून आली. घुगऱ्या झाल्या. पाळण्यात कुत्रा मावेना, म्हणून पाळणा रिकामाच हलवला. आई वाकली, कुत्र्याच्या कानात "कुर्रऽ" करून नाव सांगितलं, आणि चाळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मिक्सर प्रकरणातल्या वरच्या बाईंनी तर मनापासून घातले. कुत्र्याने आईचा चष्मा चाटून स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशी मामा गॅलरीत उभा राहून "शिशिर" म्हणाला आणि त्याची कवळी पुढे आली. पुन्हा म्हणाला, पुन्हा आली. खाली कुत्रा एका मांजरीशी बोलत होता, त्याने वरही पाहिलं नाही. मामाने वही मिटून ठेवली. त्याला असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मुदतीचा शेवटचा रविवार आला. लोणावळ्याची गाडी दुपारी येणार होती. सकाळी मासळीबाजारात बर्फ घेऊन जाणारी हातगाडी चाळीच्या दारात क्षणभर थांबली, आणि गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या आहेत हे कुत्र्याला कसं कळलं देव जाणे. तो सुळकन खाली गेला आणि उडी मारून गाडीवर जाऊन बसला. गाडीवाल्याला पत्ताच नाही. गाडी निघाली आणि कुत्रा बर्फावर पोट टेकून, लालबागच्या गणपतीची मिरवणूक निघावी तसा, मोठ्या रस्त्याकडे चालला. मामा बंडी आणि लेंग्यावर, अनवाणी धावत सुटला. धावताना वहीतली सगळी नावं क्रमाने ओरडत होता. हिमांशू बाहेर आला, नीलकंठराव बाहेर आले, कुत्रा सोडून ज्यांची ज्यांची ती नावं होती ते सगळे बाहेर आले. पुढून बस येत होती. मी मामाच्या मागे धावत होतो, पण माझ्यात आणि त्याच्यात बरंच अंतर होतं.

आवाजाने मामी गॅलरीत आली. तिने कुत्रा पाहिलाच नाही. तिला फक्त सत्तरीचा नवरा बसच्या दिशेने धावताना दिसला, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अहोऽ!"

मामा जागच्या जागी थांबला. आणि कुत्र्याने बर्फावरून उडी टाकली, माणसांच्या पायांतून वाट काढली, तीन जिने चढला आणि मामीसमोर बसून शेपटी हलवायला लागला. महिनाभर त्या घरात दिवसातून पन्नास वेळा एकच हाक ऐकू येत होती, आणि ती आली की खायला तरी मिळायचं किंवा प्यायला तरी. त्याने आपलं नाव केव्हाच ठरवलं होतं. सेक्रेटरींनी खात्री म्हणून मामीला पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने लाजत, अगदी हळू "अहो" म्हटलं. कुत्र्याने पुढचा पंजा तिच्या हातावर ठेवला. सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, "जर्मनीला कळवा. राहू दे त्याला."

पुढे पंचाईत झाली ती वेगळीच. "अहो, चहा" म्हटलं की कुत्रा आधी हजर. "अहो, गोळी घेतलीत का?" म्हटलं की दोघेही तिच्याकडे अपराध्यासारखे बघायचे. मामीने हे बरेच दिवस चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी मी तिथे बसलो होतो, ती तांदूळ निवडत होती, मामा गॅलरीत पेपर वाचत होता. ताटातून मान वर न करता तिने मामाला हाक मारली. नावाने. मागे राव नाही, पंत नाही, नुसतं नाव. चव्वेचाळीस वर्षांत लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा.

मामा दाराला धरून उभा राहिला. "माका हाक मारलंस?"

"मगे कोणाक? तुमची हाक तेना घेतल्यान. माका आता कायतरी म्हणूक व्हया मां."

मामा पेपरची घडी घालत राहिला. मी निघालो तेव्हा तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला, आणि दुसऱ्या पायरीवर थांबला. "आई गेल्यापासून या नावाने कोणी हाक मारली नव्हती रे," तो म्हणाला. "शाळेत सर, तुझी आई दादा म्हणते, तुम्ही सगळे मामा. मला वाटलं होतं, ते नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय." ते नाव मी इथे लिहीत नाही. ते मामीनेच घ्यावं.

वरून तिची पुन्हा हाक आली, तेच नाव, या वेळी जरा मोठ्याने. मामा हलला नाही.

"मामा, मामी बोलावतेय," मी म्हणालो.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "अजून एकदा मारू दे."